आबाजींचा मोतीबिंदू आणि नातवाचा डोळा

पत्र:

«बाई, रामराम. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, वय ६८. हे पत्र माही नात लिहून रायली, ते दहावीत हाये. पोरगा आन सून पुण्याले कंपनीत कामाले हायेत, लेकरं आमच्यापाशी. नातू साडेसहा वर्साचा, पहिलीत. शायेत डाक्टरची गाडी आली होती, त्याहिनं सांगतलं का याच्या उजव्या डोयानं कमी दिसते. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस डोयात मलम टाकाले लावलं, मंग चस्मा देला, आन सांगतलं का डाव्या डोयावर रोज दोन घंटे पट्टी लावा. बाई, डावा तं चांगला हाये! चांगला डोया झाकून खराब डोयानं पाह्याले लावाचं, हे कोनती वैद्यकी? पोरगं रडते, पट्टी काढून फेकते, भिताडाले धडकते. चार दिवस लावली, मंग म्याच बंद केली. आजीनं नजर काढली, गाजरं चारली. माहा मोतीबिंदू म्या दोन वर्स टाळला, मंग सेवाग्रामले काढला तं झकास दिसाले लागलं. तसंच याचंबी मोठा झाल्यावर आपरेशन करून टाकू, अशी घरात मसलत हाये. जमते का? आन पट्टीनं चांगला डोया तं खराब नाई होत? दुसरं म्हंजे पोरगं डोये लय चोयते, उन्हायात तं जास्तच. माह्या आपरेशनची दवा उरली होती, ते टाकली तं आराम पडला, अजूनबी कधीमधी टाकतो. टाकाव का नाई? नागपूरले मोठ्या डाक्टरपाशी न्या लागत असन तं कापूस निंगू द्या लागन, सध्या हातात पैसा नाई.»

सोबत नातीनं दवाखान्याचा कागद उतरवून पाठवला आहे: उजवा डोळा ६/३६, चष्म्यानं ६/२४. डावा ६/६. नंबर उजव्याला अधिक ५, डाव्याला अधिक दीड. आणि पत्राच्या तळाशी, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे शेवटी येते.

उत्तर:

आबाजी, रामराम.

«हे कोनती वैद्यकी» वाचून हसू आलं. ३१ वर्षं मी सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी होते. म्हणजे डॉक्टर नव्हे, नंबर काढणारी. पण गावात सगळे डॉक्टरीणबाईच म्हणायचे. हा प्रश्न पट्टी दिलेल्या प्रत्येक लेकराच्या घरच्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे, तोंडानं विचारणारे मात्र थोडे. बाकीचे मान डोलावतात, घरी जातात आणि पट्टीचं पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून देतात. तुम्ही भांडून विचारलंत, ते बरं केलंत.

पट्टी आज संध्याकाळपासून परत सुरू करा. कारण सांगते, आणि तुमच्या मोतीबिंदूपासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच झाला आहे.

तुमच्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालं होतं. दोन वर्षं तुम्ही टाळलंत, तरी ते भिंग काढून नवं टाकलं त्या दिवशी तुम्हाला दिसायला लागलं. का? तर तुमचा मेंदू साठ वर्षांपूर्वीच बघायला शिकून बसला होता. डोळा नुसता काच आहे, बघतो तो मेंदू. आणि मेंदू ते पोटातून शिकून येत नाही. जन्मल्यावर पहिली सात-आठ वर्षं दोन्ही डोळ्यांकडून स्वच्छ चित्र येत राहिलं, तर त्या दोन्ही डोळ्यांशी मेंदूची गाठ पक्की होते. एका डोळ्याकडून सतत पुसट चित्र येत असेल, तर मेंदू ते चित्र घ्यायचं सोडून देतो. ज्या बैलाला ओढता येत नाही त्याच्यावर जू ठेवून कोण बसेल? सगळा भार दुसऱ्यावर टाकतो आणि काम चालवतो. पहिला बैल मग गोठ्यात उभा राहून राहून चालणंच विसरतो.

ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला आणि मग उघडला, तर डोळा धडधाकट असूनही मेंदू त्याला जुमानेना. मोठ्या मांजरीचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला, तर तिला काही झालं नाही. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. आबाजी, त्या प्रयोगातली मोठी मांजर म्हणजे तुम्ही, आणि पिल्लू म्हणजे तुमचा नातू. तुमचं दोन वर्षं थांबणं फुकट गेलं नाही. त्याची दोन वर्षं थांबलात तर जातील.

याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. नाव वाईट आहे, लेकरू आळशी वाटतं. डोळा आळशी नसतो, त्याला कामच मिळालेलं नसतं.

आता त्याला हे झालं कशामुळे, ते कागदावरच लिहिलेलं आहे. ६/३६ म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस ३६ मीटरवरून जे अक्षर ओळखेल, ते तुमचा नातू ६ मीटरवर आल्यावर ओळखतो. आणि नंबर आहे अधिकचा, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. लहान लेकराच्या डोळ्यातला स्नायू ताकदवान असतो, थोडा अधिक नंबर तो जोर लावून भागवून नेतो. डाव्याचा दीड त्यानं भागवला. पण जोर दोन्ही डोळ्यांत सारखाच लागतो, त्यामुळे डावा स्पष्ट झाला तरी उजव्याचे वरचे साडेतीन उरलेच. उजवा जन्मापासून कधीच स्वच्छ पाहू शकला नाही. डोळा वरून छान दिसतो, लाल नाही, तिरळा नाही, दुखत नाही. आणि लेकरू तक्रार करत नाही, कारण डाव्या डोळ्यानं त्याला गावाबाहेरचा टॉवर दिसतो, आकाशातली पतंग दिसते, विटी बरोबर टोलवता येते. दोन डोळ्यांनी बघणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नाही, मग कमी आहे म्हणून कसं सांगेल?

मलम तीन दिवस टाकायला लावलं ते याच स्नायूला ढिला करण्यासाठी. तो जोर लावत असताना नंबर काढला तर खोटा निघतो. म्हणून लेकरांचा नंबर बाजारातल्या दुकानात नुसत्या मशीनवर काढून चष्मा करू नये, हे मी सगळ्यांनाच सांगते. मलम किंवा थेंब टाकल्यावर काही दिवस उजेड खुपतो, जवळचं पुसट दिसतं. ते आपोआप जातं. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, लेकरू बरळायला लागलं, तर मात्र मलम थांबवून दवाखान्यात कळवायचं.

शाळा तपासणीत सापडला म्हणून हा वाचला. सगळे सापडत नाहीत, आणि त्यातला एक माझ्या हातून सुटला आहे. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात मी तक्ता टांगला, मुलं रांगेत उभी केली, आणि दीडशे पोरं दुपारपर्यंत उरकली. एक डोळा हातानं झाका, वाच. तो झाका, वाच. सगळं घाईत. तेरा-चौदा वर्षांनी त्याच गावातला एक उंचापुरा पोरगा दवाखान्यात आला. पोलीस भरतीत धावण्यात पहिल्या दहात होता, डोळे तपासणीत अडकला. म्हणाला, मॅडम, चष्मा द्या किंवा आपरेशन सांगा, शेत विकतो. भिंगावर भिंग घालून पाहिली, एक डोळा ६/३६च्या पुढे सरकेना. मी विचारलं, शाळेत कधी तपासणी झाली नव्हती का? तो म्हणाला, «झाली नं, तुम्हीच तं आल्या होत्या. म्या बोटाच्या फटीतून पाह्यलं होतं. आन तक्ता तं पुढच्या पोरानं वाचला तोच पाठ होता.»

त्यानंतर मी कुणालाच बोटांनी डोळा झाकू दिला नाही. पुठ्ठा किंवा तळहात, आणि तोही मी किंवा गुरुजींनी धरलेला. रांग खोलीबाहेर, आत एकच पोरगं. ज्याला वाचता येत नाही त्याला इंग्रजी ई सारखे पंजे दाखवायचे, बोटं कुठल्या दिशेला ते हातानं करून दाखव म्हणायचं, आणि प्रत्येकाला वेगळी ओळ. तुमच्या शाळेत आलेल्या पथकानं हे नीट केलेलं दिसतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मोठेपणी ऑपरेशन जमतं का, याचंही उत्तर त्या पोराच्या गोष्टीत आलं. १८ वर्षांनंतर करतात ते लेझर बुबुळाचा आकार बदलतं आणि चष्म्याचा नंबर घालवतं. मेंदूनं जे शिकून घेतलं नाही, ते लेझर शिकवत नाही. तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा डोळा सरळ करतं, नजर देत नाही. तिरळं लेकरू भाग्याचं, असं अजून काही घरांत म्हणतात. चार महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा तिरपा जात असेल, तर भाग्याची वाट न पाहता आधी दाखवून घ्यावं.

तुम्ही कास्तकार आहात. वापसा असताना पेरलं तर उगवतं. वापसा गेल्यावर मग दुबार पेरणी. दुबार पेरणीतही काहीच येत नाही असं नसतं. आठ-दहा वर्षांच्या, काही वेळा त्याहून मोठ्या मुलांचीही नजर पट्टीनं सुधारलेली मी पाहिली आहे, म्हणून मोठ्या लेकराच्या आईबापांनीही हात टेकू नयेत, एकदा दाखवावंच. पण उताऱ्याचा भरवसा किती राहतो, हे मी तुम्हाला काय सांगू. तुमच्या नातवाचा वापसा अजून आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चांगला डोळा खराब होतो का. रोज दोन तासांनी होत नाही. पण दिवसभर पट्टी बांधून, सहा-सहा महिने दवाखान्याचं तोंड न पाहता ठेवली, तर चांगला डोळाही मागे पडू शकतो. म्हणून पट्टी देताना परत यायची तारीख देतात, आणि दोन्ही डोळे तपासतात. तारीख ही अर्धी दवा आहे. जोशात येऊन दोनाचे सहा तासही करू नका. अमेरिकेत २००३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तीन ते सात वर्षांच्या आतल्या मुलांवर, ज्यांची नजर तुमच्या नातवासारखी मध्यम कमी होती. रोज दोन तास पट्टी आणि रोज सहा तास पट्टी, चार महिन्यांनी फायदा जवळजवळ सारखाच निघाला. अट एकच होती की त्यातला निदान एक तास लेकरानं जवळचं बारीक काम करावं. नजर फारच कमी असली तर सहा तासही सांगतात, पण ते डॉक्टर ठरवतील.

पट्टी कधी लावायची? शाळेत नको. तिथे तो गोंधळेल आणि पोरं चिडवतील ते वेगळं. संध्याकाळी घरी लावा, पायात वस्तू पडलेल्या नसतील अशा जागी. पट्टी लावून सायकल नाही, रस्ता नाही, विहिरीकडे नाही. भिंतीला धडकतो म्हणालात, ते पहिले काही दिवस होणारच. त्याच्या दृष्टीनं तुम्ही घरातला दिवाच मालवता. रडू येणारच. पण तेच रडणं सांगतं की उजवा किती मागे आहे. पट्टी चष्म्याच्या काचेवर चिकटवू नका, पोरं बाजूनं डोकावतात. थेट कातडीवर चिकटवा आणि वरून चष्मा. चष्म्याविना पट्टी म्हणजे पुन्हा पुसट चित्रच, त्याचा उपयोग नाही. काढताना ओरबाडू नका, कडेला थोडं खोबरेल लावून हळूहळू सोडवा. कातडी लाल झाली तर दुसऱ्या दिवशी पट्टी थोडी तिरपी लावा म्हणजे चिकटण्याची जागा बदलेल.

त्या दोन तासांत त्याला बसवून ठेवू नका, कामाला लावा. आजीजवळ सुपात तांदूळ निवडायला द्या, खडे शोधून काढले की खड्याला एक शेंगदाणा. चिंचोक्यांचा अष्टाचंगा, मणी ओवणं, चित्रं रंगवणं, सरकी आणि तूर वेगळी करणं. आणि पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो ना, तो या वेळेतच लावा. आई पाटीवर अक्षर काढून दाखवेल, हा ओळखेल. आईचा चेहरा बघायला मिळतो म्हणून पट्टी लावून घेणारं एक लेकरू मला माहीत आहे. फार दांडगाई केली, पट्टी काही केल्या टिकेचना, तर डॉक्टरांना सांगा. चांगल्या डोळ्यात थेंब टाकून तो काही काळ पुसट करायचा, हाही एक मार्ग आहे. पण तो त्यांनी लिहून दिला तरच.

चष्मा मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत. सूट फक्त आंघोळीला आणि झोपेला. चष्म्यानं नंबर वाढतो ही अफवा आहे, न लावल्यानं डोळा मागे पडतो ही वस्तुस्थिती. गाजरं खाऊ द्या. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांत अ जीवनसत्त्व असतं, ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. पण गाजरानं अधिक पाचचा अधिक चार होत नाही. आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या त्याला माझी हरकत नाही, त्या डोळ्यात टाकल्या नाहीत ना, मग झालं.

ज्याला माझी कडक हरकत आहे, ती दुसरी गोष्ट. तुमच्या ऑपरेशनची उरलेली दवा.

आबाजी, ती बाटली नातवाच्या डोळ्यात आजपासून एक थेंबही नको. मोतीबिंदूनंतर देतात त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते लागतंच, आणि तेव्हा डॉक्टर तुम्हाला परत बोलावून डोळा बघत असतात. खाज त्यानं चुटकीसरशी थांबते, हेही खरं. म्हणूनच ते फसवतं. लहान मुलांत स्टेरॉइडनं डोळ्यातला दाब चढू शकतो, आणि दाब चढलेला कळत नाही. काचबिंदू होतो, भिंगही गढूळ होतं. एका डोळ्यानं आधीच कमी दिसणाऱ्या लेकराचे दोन्ही डोळे त्या थेंबांनी जायला नकोत. शिवाय उघडलेली बाटली महिनाभरानंतर फेकायची असते, तुमची तर वर्ष झालं असेल. टाकून मात्र देऊ नका, पुढच्या वेळी ती सोबत न्या, किती दिवस टाकली ते खरं सांगा आणि दाब मोजायला सांगा. कोणी रागावलं तर रागावू द्या.

खाजेचं कारण बहुधा उन्हाळी ॲलर्जी असेल. आपल्याकडच्या उन्हात आणि फुफाट्यात पाच ते पंधरा वयाच्या पोरांना, मुलींपेक्षा मुलांना जास्त, ही होते. डोळे लाल, उजेड खुपतो, सकाळी तारेसारखा पांढरा चिकट स्राव. वयात आल्यावर बहुतेकांची आपोआप थांबते. तोवर माठाच्या थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा, बाहेर जाताना टोपी. स्टेरॉइड नसलेले थेंब मिळतात, ते डॉक्टर लिहून देतील आणि ते महिनोन् महिने टाकले तरी चालतात. चोळणं तेवढं बंद करायला हवं. फार चोळून चोळून काहींचं बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. मेडिकलवाल्याला «डोये आले, काही द्या» म्हणून बाटली आणणारे बाकीचेही हे वाचत असतील, तर त्यांनीही वाचावं.

नागपूर. त्यासाठी कापूस निघायची वाट पाहू नका, कारण नागपूरला आज जायची गरज नाही. ज्या पथकानं तपासलं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असणार. २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, आणि पुढचा संदर्भ उपचार मोफत आहे. गुरुजींकडून किंवा आशाताईकडून संदर्भ चिठ्ठी घ्या. एकदा यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभागात दाखवा, किंवा तुमचा ज्यावर विश्वास बसला आहे त्या सेवाग्रामला. तिथे डोळ्याचा पडदा, दाब आणि लपलेला तिरळेपणा, तिन्ही तपासून घ्यायचे. हे नीट निघालं, तर पट्टीची पुढची तपासणी तालुक्याच्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडेच होते. तीन-चार महिने चष्मा आणि पट्टी इमानदारीनं लावूनही ओळ पुढे सरकली नाही, तेव्हा फक्त लहान मुलांचेच डोळे बघणारे तज्ज्ञ नागपुरात आहेत, त्यांच्याकडे जा.

काही गोष्टींना मात्र उद्याची वाटही पाहायची नसते. तुमच्या घरात नसेल, पण शेजारी कुणाच्या असेल म्हणून सांगते. बाळाच्या डोळ्याच्या काळ्या भागात मांजरीसारखी पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं आलं, तर तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्यातली गाठ, म्हणजे कॅन्सर असू शकतो. दोन्हीला आठवडे मोजावे लागतात, आणि गाठीत तर जीव जातो. डोळे सारखे हलत असतील, बाळ तीन महिन्यांचं होऊनही आईकडे बघून हसत नसेल, तर तेच. आणि अपुऱ्या दिवसांचं, ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. ते बाळ कितीही गुटगुटीत दिसो.

तुमच्या नातवाकडे परत. त्याचा एकच डोळा पूर्ण चांगला आहे, म्हणून त्या डोळ्याला जपणं हे तुमचं काम. चष्म्याची काच न फुटणारी, पॉलिकार्बोनेटची मागा. तोच चष्मा मग ढालही होतो. दांड्यांना मागून दोरी लावा. पऱ्हाटीच्या आणि तुऱ्हाटीच्या ढिगात खेळायला पाठवू नका. काडी टोचून बुबुळावर जखम झाली तर त्यात बुरशी शिरते, आणि ती जखम लवकर भरत नाही. असं झालं तर डोळा न चोळता, घरचं काही न टाकता त्याच दिवशी दवाखाना.

आणि एक गोष्ट विचारते, रागावू नका. पत्रात लिहिलं नाही, पण वऱ्हाडातला ६८ वर्षांचा कास्तकार म्हणजे बंडीच्या खिशात तंबाखू असणारच. त्याच्यासोबतची चुन्याची पुडी कुठे असते? लहान लेकरं ती उचलतात, दाबतात, आणि ती फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो. माझ्या नोकरीत डोळा गेल्याच्या ज्या गोष्टी मी विसरू शकत नाही, त्यांतल्या कितीतरी या दोन रुपयांच्या पुडीच्या आहेत. चुना डोळा जाळत आत आत जातो. उडालाच, तर जवळ जे स्वच्छ पाणी असेल त्यानं लगेच, जागच्या जागी, डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवा, पापणीखालचे कणही काढा, आणि मग दवाखान्याकडे पळा. आधी पळत सुटू नका. दवाखान्यात पोचेपर्यंत जळणं चालूच असतं. पुडी आजपासून फळीवर, उंच.

आता पेन्सिलीची ओळ. पोरी, हे उत्तर आबाजींना तूच वाचून दाखवणार आहेस, तेव्हा हा भाग गाळू नकोस.

तू लिहिलंस: «मलासुद्धा मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. आजी म्हणते चष्मा लागला की मुलीला स्थळं येत नाहीत, म्हणून सांगितलं नाही.» भावाचा कागद तू इतका नेटका उतरवलास, जवळचं तुला छान दिसतं. दूरचं पुसट. म्हणजे बहुधा उणे नंबर, लघुदृष्टी. हा नंबर या वयात वाढतोच, चष्मा लावला म्हणून नाही, उंची वाढते तसा डोळा लांब होतो म्हणून. तुझ्या बाबतीत गोष्ट साधी आहे, बरोबर नंबरचा चष्मा लावला की फळा लख्ख दिसेल. पण दहावीचं वर्ष आहे आणि तू बाजूच्या वहीत बघून फळा उतरवते आहेस. गणितात जे दोन-चार मार्क जातात, ते तुला येत नाही म्हणून जात नसतील. आजपासून तू पहिल्या बाकावर बस, बाईंना कारण सांग.

आजी, तुम्हीही ऐकत असाल. माझा चष्मा वयाच्या बाराव्या वर्षी लागला, उणे चारचा. लग्नात सासूबाईंनी विचारलं होतं, पोरीला चष्म्याविना दिसतं का. माझे वडील म्हणाले, नाही दिसत, म्हणून तर लावलाय.

यवतमाळला जाल तेव्हा तिला सोबत न्या, दोघांचंही एकाच दिवशी होईल. डोळ्यात थेंब टाकून थांबावं लागतं, त्यामुळे पहिल्या एसटीनं निघा, भाकरी बांधून घ्या आणि दुपारच्या गाडीची घाई करू नका. नातवाचा चष्मा, आधीचा कागद, ती दवाची बाटली आणि तुमचं आधार कार्ड सोबत ठेवा. पैशाची काळजी लिहिली होती म्हणून सांगते: नातू बाराच्या आतला, नात मुलगी, आणि तुम्ही पासष्टच्या वरचे. तिघांचंही तिकीट अर्धंच लागेल.